दहा टक्क्यांची बार्लीवाइन, बावन्न बाटल्या आणि न धरलेला गॅस

घरी केलेली इंग्लिश धाटणीची बार्लीवाइन, म्हणजे खूप कडक बिअर, २० लिटर. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता) १.१०२, शेवटची १.०२६, म्हणजे आकारमानाने साधारण १० टक्के अल्कोहोल. मुख्य किण्वन चार आठवडे चालले. मग गाळावरून काढून काचेच्या कारबॉयमध्ये (मोठ्या बरणीत) १६ ते १८ अंश सेल्सिअसला पाच महिने मुरवली. भरण्याच्या दिवशी १८ लिटर बिअर हाती होती. तीत ९५ ग्रॅम साध्या साखरेचा पाक घातला, ३३० मिलीच्या ५२ बाटल्या भरल्या, झाकणे दाबली आणि ‘आता मुरू दे’ म्हणून बाटल्या लगेच १४ अंशांच्या थंड खोलीत हलवल्या.

सहा आठवड्यांनी पहिली बाटली उघडली. झाकणाखालून जेमतेम फुस्स झाले. पेल्यात फेस नाही, कडेला चार बुडबुडे, आणि चव भरतानाच्या बिअरपेक्षा किंचित गोड.

हलक्या बिअरला खोलीच्या तापमानात दोन आठवड्यांत गॅस धरतो, त्यामुळे सहा आठवड्यांनंतरही बिअर सपाट निघाली की हात आधी साखरेच्या डब्याकडे जातो. या प्रकरणातही पहिला विचार तोच होता: प्रत्येक बाटलीत आणखी अर्धा चमचा साखर टाकायची आणि झाकण परत दाबायचे. ते केले नाही हे फार बरे झाले.

साखर कमी पडली होती का?

नव्हती. एक लिटर बिअरमध्ये एक व्हॉल्यूम (म्हणजे बिअरच्या आकारमानाइतका) कार्बन डायऑक्साइड वाढवायला साधारण ४ ग्रॅम साखर लागते. किण्वन संपल्यावर २० अंशांना बिअरमध्ये मुळातच सुमारे ०.८६ व्हॉल्यूम गॅस विरघळलेला असतो. ९५ ग्रॅम भागिले १८ लिटर म्हणजे लिटरला ५.३ ग्रॅम, म्हणजेच १.३ व्हॉल्यूम. एकूण २.२ च्या आसपास. बार्लीवाइनला १.८ ते २.३ पुरतात, म्हणजे हिशेब चोख होता. पाच महिने एअरलॉकखाली (गॅस बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न घेणाऱ्या झडपेखाली) राहिलेल्या बिअरमधून थोडा गॅस निसटतो हे खरे. पण त्याने फार तर ०.१ ते ०.२ व्हॉल्यूमचा फरक पडतो, बिअर सपाट होत नाही.

आता अर्धा चमचा साखर घातली असती तर काय झाले असते ते पाहू. अर्धा चमचा म्हणजे अंदाजे २ ग्रॅम, ३३० मिलीच्या बाटलीत लिटरला ६ ग्रॅम, म्हणजे आणखी दीड व्हॉल्यूम. पहिली साखर तशीच पडून असताना ही भर घातली आणि पुढे कधीतरी यीस्ट जागे झाले, तर बाटलीत ३.७ व्हॉल्यूम. साध्या लांब मानेच्या बिअरच्या बाटलीवर ३ च्या वर भरवसा ठेवू नये. शिवाय जाग्या झालेल्या यीस्टने उरलेल्या माल्ट-साखरेलाही हात घातला आणि ग्रॅव्हिटी १.०२६ वरून १.०२२ वर आली, तर त्या चार पॉइंटांचे (ग्रॅव्हिटीतला ०.००१ म्हणजे एक पॉइंट) आणखी दोन व्हॉल्यूम. बाटलीत उतरलेला प्रत्येक पॉइंट म्हणजे साधारण अर्धा व्हॉल्यूम, हा आकडा पाठ असावा. साडेपाच व्हॉल्यूम म्हणजे २२ अंशांना साडेपाच बारहून जास्त दाब. अशा बाटल्या फुटतात, आणि एक फुटली की शेजारच्याही फुटतात.

तीन बाटल्या आणि एक हायड्रोमीटर

सपाट बिअरची कारणे मोजकीच. यीस्टने साखर खाल्लीच नाही. खाल्ली, पण झाकणातून गॅस गेला. किंवा साखर नीट मिसळली नाही, म्हणून काही बाटल्यांत जास्त आणि काहींत कमी गेली. तिन्हींचा उपाय वेगळा आहे आणि बाटली नुसती पाहून यातले काय घडले ते ठरवता येत नाही. हायड्रोमीटर या तरंगत्या उपकरणाने ग्रॅव्हिटी मोजली की ठरते.

लिटरला ५.३ ग्रॅम साखर ग्रॅव्हिटी साधारण दोन पॉइंट वाढवते. म्हणजे भरल्या दिवशी बाटलीतली बिअर १.०२८ च्या आसपास होती. यीस्टने ती साखर संपवली असती तर ग्रॅव्हिटी परत १.०२६ वर, खरे तर तिच्याही किंचित खाली आली असती, कारण नव्याने झालेले अल्कोहोल आणि पाकातले पाणी दोन्ही घनता थोडी कमी करतात. सपाट बाटलीत १.०२८ दिसले तर दोष यीस्टचा, १.०२६ दिसले तर दोष झाकणाचा, आणि वेगवेगळ्या बाटल्यांत वेगवेगळे आकडे दिसले तर दोष मिसळण्याचा.

दोन पॉइंटांचा फरक पकडायचा तर मोजणी ढिली चालत नाही. नमुना दोन पेल्यांत वीसेक वेळा इकडून तिकडे ओतून गॅस पूर्ण घालवायचा, कारण नळीला चिकटलेला एक बुडबुडासुद्धा हायड्रोमीटर वर उचलतो. नमुना बरोबर २० अंशांवर आणायचा, किंवा उपकरणावर जे तापमान छापले असेल त्यावर. वाचन द्रवाच्या सपाट पातळीवर घ्यायचे, काचेला चढलेल्या कडेवर नाही. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वळण्यावरून साखर मोजणारे उपकरण) इथे कामाचा नाही. अल्कोहोलमुळे त्याचे वाचन खूप वर सरकते, आणि दुरुस्तीच्या सूत्रात दोन पॉइंट सहज हरवतात.

भरण्याच्या सुरुवातीची, मधली आणि शेवटची अशी एकेक बाटली घेतली. झाकणांवर पेनाने क्रमांक घातले होते म्हणून हे जमले. या सवयीला खर्च शून्य आहे. तिन्हींत १.०२८. म्हणजे साखर सगळीकडे सारखी मिसळली होती आणि सगळीकडे न खाल्लेली पडून होती.

आणखी एक खूण हायड्रोमीटरच्या आधीच डोळ्यांसमोर होती. बाटली उजेडासमोर धरून तिरकी केली की तळाच्या कडेला फिकट साक्याचे कडे दिसायला हवे. बाटलीत किण्वन झाले की ते दिसतेच. इथे तळ स्वच्छ होता.

यीस्ट का चालले नाही

पाच महिन्यांत यीस्ट खाली बसते, आणि इंग्लिश एलचे (उबेत आंबवायच्या बिअरचे) यीस्ट तर घट्ट गोळा होऊन बसते. सायफनच्या नळीने वरची नितळ बिअर ओढली आणि कामाचे यीस्ट कारबॉयच्या तळाशीच राहिले. जे थोडे तरंगत आले ते दमलेले. पेशीच्या पडद्याला अल्कोहोल सोसायला स्टेरॉल लागतात, ते बनवायला प्राणवायू लागतो, आणि किण्वन सुरू झाल्यापासून या यीस्टला प्राणवायू मिळालेला नाही. दहा टक्के अल्कोहोलमध्ये महिनोन्‌महिने राहिलेली पेशी जिवंत असली तरी नवी साखर आत ओढून घेण्याइतकी धड नसते.

त्यात १४ अंशांची भर पडली. कडक बिअर भरणाऱ्यांचा नेहमीचा घोटाळा इथेच होतो. गॅस धरणे आणि मुरणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि त्यांना वेगळे तापमान लागते. गॅस धरायला २० ते २२ अंश, मुरायला १० ते १३. आधी पहिले काम पुरे करायचे, बाटली उघडून खात्री करायची, मगच बाटल्या थंडाव्यात न्यायच्या. थेट थंड खोलीत ठेवलेल्या कडक बिअरला गॅस धरलाच तर तो नशिबाने.

भरण्याच्या दिवशी साखरेबरोबर २ ग्रॅम ताजे यीस्ट घातले असते तर पुढचा सगळा व्याप वाचला असता. बाटलीतल्या किण्वनासाठी लिटरला ०.१ ग्रॅम कोरडे यीस्ट, म्हणजे मिलीलिटरला साधारण दहा लाख पेशी, हे प्रमाण रूढ आहे. अल्कोहोल १० टक्क्यांच्या वर असेल तर दुप्पट घ्यावे. आमच्या मते ८ टक्क्यांच्या वरची किंवा दोन महिन्यांहून जास्त मुरवलेली कोणतीही बिअर ताज्या यीस्टशिवाय भरूच नये. ‘बिअर गढूळ होईल’ ही भीती निराधार आहे. २ ग्रॅम यीस्टचा साका ५२ बाटल्यांत वाटला तर शोधावा लागतो.

दुरुस्ती

आधी बिनखर्चाचा उपाय. सगळ्या बाटल्या २२ अंशांच्या खोलीत आणल्या, आठवड्यातून दोनदा हळूच उलट्यासुलट्या केल्या, हलवून फेसाळल्या नाहीत. कित्येकदा एवढ्यानेही काम होते. तीन आठवड्यांनी दोन बाटल्या उघडल्या. एकीत १.०२८, दुसरीत त्याहून केसभर कमी. या वेगाने वर्ष लागले असते. ताजे यीस्ट घालायचे ठरले.

सगळी बिअर परत बादलीत ओतून यीस्ट मिसळणे हा सर्वांत सोपा दिसणारा आणि सर्वांत वाईट मार्ग. बाटल्या ओतताना जेवढा प्राणवायू बिअरमध्ये जाईल, त्याने वर्षभर मुरवायची बिअर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागेल. बाटलीत कोरड्या यीस्टचे दाणे टाकणेही नको. दहा टक्के अल्कोहोलमध्ये कोरडी पेशी फुगताना तिचा पडदा गळतो आणि बरेचसे यीस्ट तिथेच मरते. एका बाटलीला लागणारे ०.०६६ ग्रॅम घरातल्या काट्यावर मोजता येत नाही हे वेगळेच. भिजवलेले यीस्ट सिरिंजने घालणे हाच मार्ग उरतो.

यीस्टची निवड इथे चवीसाठी नाही, स्वभावासाठी करायची. लॅलमाँड कंपनीचे सीबीसी-१ किंवा शॅम्पेनसाठी वापरतात ते ईसी-१११८, दोन्ही चालतात. दोन्ही जास्त अल्कोहोल सोसतात आणि साधी साखर झपाट्याने खातात, पण माल्टोट्रायोज (माल्टमधली जड साखर) खात नाहीत. म्हणून ग्रॅव्हिटी १.०२६ च्या जवळपासच थांबते. याउलट सेझों या बेल्जियन बिअरच्या काही यीस्टमध्ये एसटीए१ हे जनुक असते. ते डेक्स्ट्रिन (पिष्टाचे एरवी न आंबणारे तुकडे) तोडून खातात. असे यीस्ट बाटलीत गेले तर १.०२६ चे १.०१० व्हायला हरकत नाही, आणि मग काच टिकायची नाही. घरात दुसरे काही नाही म्हणून सेझोंची पुडी फोडणे हा उपाय होऊ शकत नाही.

प्रमाण असे धरले: लिटरला ०.२ ग्रॅम, म्हणजे ३३० मिलीला ०.०६६ ग्रॅम. उरलेल्या बाटल्या ४६. त्यांतली एक यीस्टला सवय लावण्यासाठी उघडायची, म्हणजे यीस्ट घालायच्या ४५.

४ ग्रॅम यीस्ट ४० मिली उकळून ३५ अंशांपर्यंत निववलेल्या पाण्यात टाकले आणि पंधरा मिनिटे तसेच ठेवून मग ढवळले. पुढचा टप्पा बहुतेकजण गाळतात. यीस्ट एकदम दहा टक्के अल्कोहोलमध्ये सोडायचे नाही. उघडलेल्या बाटलीतली, खोलीच्या तापमानाची बिअर दर दहा मिनिटांनी १० मिली अशी चार वेळा त्यात घातली. आता ८० मिली मिश्रण झाले, अल्कोहोल पाच टक्क्यांच्या जवळ, आणि दर मिलीत ०.०५ ग्रॅम यीस्ट. एका बाटलीला १.३ मिली. ४५ बाटल्यांना साठ मिलीच्या आतच लागले, बाकीचे सांडलवंडीला.

बाटल्या रात्रभर ३ अंशांच्या आसपास थंड केल्या होत्या. थंड बिअर आपला थोडाफार गॅस धरून ठेवते, त्यामुळे झाकण काढल्यावर ती वर चढत नाही. झाकणे, सिरिंज आणि बाटल्यांची तोंडे स्टार सॅनच्या द्रावणाने निर्जंतुक केली, लिटर पाण्याला १.५ मिली या प्रमाणात. सहा-सहाच्या गटाने काम केले: सहा झाकणे उघडायची, यीस्टचे भांडे फिरवून ढवळायचे, सहा बाटल्यांत १.३ मिली सोडायचे, लगेच नवी झाकणे दाबायची. ढवळणे विसरले की यीस्ट खाली बसते, पहिल्या बाटल्यांना पाणी जाते आणि शेवटच्यांना चिखल. जुने झाकण परत वापरायचे नाही. त्याचे अस्तर एकदा दबलेले असते.

मानेत १.३ मिलीने बिअरची पातळी साधारण अर्धा सेंटिमीटर वर येते. आधी २५ मिमी रिकामी जागा सोडली होती, ती २० झाली. एवढी चालते. मूळ भरण काठोकाठ असती तर आधी तेवढी बिअर काढावी लागली असती.

बाटल्या परत २२ अंशांवर. दहा दिवसांनी उघडलेल्या बाटलीने चांगला आवाज केला आणि तळाला साक्याचे पातळ कडे दिसले. चार आठवड्यांनी दोन बाटल्या उघडल्या. पहिलीत १.०२६ च्या किंचित खाली, बारीक फेस, बोटभर थर. दुसरीतही ग्रॅव्हिटी तीच, पण बिअर सपाट.

दुसरी बाटली

पहिल्या तपासणीत न दिसलेला दोष हा. साखर संपली आहे, तळाला साका आहे, गॅस नाही, म्हणजे गॅस बाहेर गेला. बाटलीच्या तोंडाशी बारीक आटे होते. हाताने फिरवून उघडायच्या झाकणाची ही बाटली. तिच्या काचेची कड पातळ आणि वेगळ्या घडणीची असते. साधे क्राउन झाकण तिच्यावर बसल्यासारखे दिसते, पण दाब धरत नाही. उरलेल्या बाटल्या एकेक करून बोटाने चाचपल्या तेव्हा आणखी तीन अशा निघाल्या. त्या बाजूला काढल्या. त्यांना पुन्हा गॅस धरवण्यात अर्थ नव्हता, कारण गॅस जातो तिथून हवा आत येतेच. त्या लवकर संपवायच्या किंवा स्वयंपाकात घालायच्या.

झाकण नीट दाबले गेले की नाही हे कॅलिपरने मोजता येते. २६ मिमीच्या नेहमीच्या क्राउन झाकणाचा दाबलेला बाहेरचा व्यास २८.६ ते २८.९ मिमी असावा. त्याहून मोठा म्हणजे सैल. शॅम्पेनच्या काही बाटल्यांना २९ मिमीचे झाकण लागते आणि त्याला कॅपरची (झाकण दाबायच्या यंत्राची) घंटाही वेगळी लागते. २६ चे झाकण तिच्यावर जबरदस्तीने बसवू नये.

झाकण न उघडता गॅस धरला की नाही हे कळायला प्रत्येक भरणीत एक बाटली प्लास्टिकची असावी. भरून, पिळून हवा काढून झाकण लावायचे. ती फुगून दगडासारखी घट्ट झाली की काचेच्या बाटल्यांतही काम झाले असे समजावे. मुरवायला मात्र प्लास्टिक नको, त्यातून प्राणवायू झिरपतो.

मुरवण

राहिलेल्या ३९ बाटल्या १२ अंशांच्या खोलीत, उभ्या आणि अंधारात ठेवल्या. उभ्या ठेवल्या की साका तळाशी बसतो आणि ओतताना मागे ठेवता येतो. अंधार हॉप्ससाठी (बिअरला कडवटपणा देणारी फुले). प्रकाशाने हॉप्सच्या कडू आम्लांतून गंधकाचे उग्र संयुग तयार होते. तपकिरी काच बराच प्रकाश अडवते, हिरवी आणि पांढरी जवळजवळ नाही.

तापमान स्थिर असणे १२ की १४ यापेक्षा महत्त्वाचे. तापमान दहा अंश वाढले की ऑक्सिडेशनचा वेग दुप्पट-तिप्पट होतो, त्यामुळे २२ अंशांवर वर्षभर ठेवलेली बाटली १२ वरच्या बाटलीपेक्षा कितीतरी म्हातारी निघते. लवकर मुरावी म्हणून उबेत ठेवण्याचा सल्ला काहीजण देतात. त्याने बिअर मुरत नाही, शिळी होते. उबेत तळाचे यीस्टही लवकर फुटते आणि सोया सॉससारखी मांसल चव सोडते.

प्राणवायू थोडा शिरणारच. बाटलीतले जिवंत यीस्ट त्यातला बराचसा खाऊन टाकते, आणि गॅस दाबून भरलेल्या बिअरपेक्षा बाटलीत गॅस धरलेली बिअर जास्त टिकते त्याचे हे मोठे कारण. प्राणवायू शोषणारी झाकणे मिळत असतील तर मुरवणीसाठी तीच घ्यावीत. फक्त ती ओली झाली की काम सुरू करतात, म्हणून द्रावणात तासभर भिजत घालायची नाहीत, दाबण्याआधी बुडवून काढायची. मेणाचा थर दिसतो छान, पण सैल झाकणाला तो सावरत नाही.

हॉप्सचा कडवटपणा वर्षभरात ठळकपणे कमी होतो. माल्टचा गोडवा तसाच राहतो. म्हणून भरताना जी बिअर नेमकी तोललेली लागते ती वर्षाने गोडसर लागते, आणि जी थोडी जास्त कडू वाटते ती वर्षाने जागेवर येते. ही बार्लीवाइन भरताना तोललेलीच होती, त्यामुळे तिला दोन वर्षांपलीकडे ठेवण्यात फायदा नाही.

सहा महिन्यांनी अल्कोहोलची घशातली आग बरीच निवली होती. वर्षाने मनुका, टॉफी आणि पाठीमागे हलकी शेरीची झाक. शेरी बहुधा झाकण दुसऱ्यांदा उघडल्यामुळे. या जातीच्या बिअरमध्ये तेवढी ती खपते, किंबहुना शोभते. ओला पुठ्ठा नाही, सोया सॉस नाही.

प्रत्येक वेळी चवीबरोबर ग्रॅव्हिटीही मोजली. ती १.०२६ च्या आसपासच राहायला हवी. दोन-तीन पॉइंटांनी खाली गेली, फेस वाढत गेला आणि चामडे किंवा तबेल्यासारखा वास आला, तर ब्रेटॅनोमायसिस शिरले असे समजावे. कार्ल्सबर्ग ब्रुअरीच्या नील्स हेल्टे क्लॉसन यांनी १९०४ मध्ये इंग्लिश मुरवलेल्या बिअरमधून वेगळे काढून दाखवलेले यीस्ट ते हेच. त्यांच्या मते त्या बिअरची खास चव त्याचीच होती. पण साध्या बाटलीत न बोलावता आलेले ब्रेटॅनोमायसिस महिनोन्‌महिने डेक्स्ट्रिन खात राहते आणि दाब वाढत जातो. असा एकही नमुना दिसला तर त्या भरणीच्या सगळ्या बाटल्या थंड करायच्या, जाड हातमोजे आणि चष्मा घालून एकेक उघडायच्या, दाब सोडून लवकर संपवायच्या. या भरणीत दीड वर्षात ग्रॅव्हिटी अर्ध्या पॉइंटाहून जास्त हलली नाही.